मशीनला हवी जुनी सिस्टिम

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता काकांच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी नवी सिस्टिम चढवली, आणि तिथून सगळं फिसकटलं. चष्म्याच्या काचा कापणारं मशीन त्यालाच जोडलेलं. ते नव्या सिस्टिमला ओळखच देईना. फोन केला तर तू हसशील आणि मी फोन आपटीन, म्हणून पत्र.

कारण विचारू नकोस. बरं, सांगतो. आदल्या दिवशी कॉलेजातली ‘ती’ मोडका चष्मा घेऊन आली. सोळा तारखेपासून तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा. कॉम्प्युटर बघून म्हणाली, हा तर आपल्यापेक्षा वयाने मोठा दिसतो. कॉलेज अर्ध्यात सोडून मी इथे काय दिवे लावतोय, ते तिला दाखवायचं होतं. चष्मा मीच करून देतो, असा शब्दही देऊन बसलो.

काकांना मात्र मशीन आपोआप बंद पडलं म्हणून सांगितलं. दुखऱ्या खांद्याने ते हातानेच काचा घासतायत. लग्नाआधी दुकानात तू बसायचीस. जुन्या सिस्टिमची सीडी कुठे आहे?

चिडलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा भाऊ

६ मार्च

चि. तोफ्यास, अ. उ. आ.

हसले. पोटभर हसले. तुझ्या भावजींनाही वाचून दाखवलं, आता रागाव.

सीडी मशीनच्या पुस्तकाच्या मागच्या पाकिटात आहे. ती मागेल तो पंचवीस अक्षरांचा नंबर मी पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पण आधी काकांना खरं सांग, मगच सीडीला हात लाव. प्रेमात तू पडलास, खांदा त्यांचा का झिजावा?

जेवणाच्या वेळा सांभाळ. आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, पडद्यावरचं चित्र बदललेलं त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं. चष्म्याच्या धंद्यात आयुष्य गेलं, एवढं तर दिसणारच. मी कधी तोंड उघडतो याची वाट बघत होते म्हणे. मला मान वर करवेना.

जुन्या सिस्टिमने तीन तास खाल्ले. तिला कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्कच सापडेना. दोनदा की-बोर्ड आपटला. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन डिस्क वाचायची जुनी पद्धत निवडली, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. एकोणचाळीस मिनिटं बाकी, हा आकडा अर्धा तास हलला नाही. मशीनने पहिली काच कापली तेव्हा मी ओरडलोच.

मग तिचा चष्मा हातात घ्यावा म्हटलं, तर जागेवर नाही. काकांनी तो शनिवारीच हाताने घासून तिच्या घरी पोचवला होता. वर पोराने केला असंही सांगून आले! आज तिची चिठ्ठी आली. मी शब्द पाळला याचं तिला कौतुक आहे, आणि परीक्षा संपली की तिला मला भेटायचंय.

ताई, दोन वर्षं मी या एवढ्यासाठी झुरलो. काका म्हणतात, राहू दे, कुणाचं काय बिघडतंय. पण ही भेट मला त्यांच्या खांद्यावर मिळाली आहे. तशी नको.

तिच्या घरी जाऊन खरं सांगतो. नंतर ती भेटली नाही, तर तू मात्र पत्र लिहीत राहा.

तुझा भाऊ

ता. क. काका विचारतायत कुठे चाललास म्हणून. सांगितलं. त्यांनी मान हलवली. पत्र वाटेत टाकतो. दार ओढून घेतो आणि निघतो.