माळ्यावरचं शिलाई मशीन

अरे, मी कामावर निघाले. सूनबाई झोपलीय, उठवू नकोस. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी आत राहिलेलं बाहेर पडेल, म्हणजे कळा येतील, रक्त जाईल. तेवढ्यानं घाबरू नकोस. पण पॅड भराभर भिजायला लागले, ताप किंवा चक्कर आली, तर मला फोन करत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

आणि तिचं मशीन माळ्यावर चढवायचं शहाणपण तुला कुणी शिकवलं? मशीन चालवून गर्भ पडत नाही, हे बाईंनी तुझ्यादेखत सांगितलंय. तू काळजीपोटी उचललंस, तिला वाटतंय तू तिलाच दोष देतोयस. ती उठायच्या आत खाली काढ.

तुझ्याआधी माझंही असंच झालं होतं. तेव्हा तुझ्या बाबांनी माझी सायकल विकून टाकली, काळजीपोटीच. बाबा गेले, तरी तो राग अजून आहे.

आई