लसणाचा लेप

ती. आईस,
थोरलीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. मनगटावरचं गजकर्ण तेवढं हटत नाही. तू सांगितलास तसा लसणाचा लेप लावला, तर कातडीच भाजली. मग हळद लावली, तिचा डाग मी सांभाळते त्या बाळाच्या दुपट्याला पडला आणि बाईंच्या लक्षात आलं. "बरं होईपर्यंत बाळाला हात लावू नकोस," म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं? हे एकाचं दुसऱ्याला लागतं. डॉक्टरांनी मलम दिलंय, पण वेळ लागेल म्हणतात.

आता मी नुसती फरशी पुसते. बाळ मला बघून हात पसरतं, रडून लालबुंद होतं. मी हात मागे बांधून दारात उभी राहते.

माझी छकुली तुझ्याजवळ झोपते ना? माझ्यासाठी रडते का अजून? रडत नसेल, तरी खरं सांग.

तुझीच,
थोरली