आवाज नसलेला कॅमेरा

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

नाही म्हणाली! सरळ नाही. माझ्या या नणंदेला, आभाला, अठ्ठावीस वर्षं ओळखते. तरी वाटलं होतं, या खेपेला निदान सहा महिने आईला पुण्याला नेईल. "वहिनी, आमच्याकडे तिसरा मजला, लिफ्ट सारखी बंद, त्यात रेवाची बारावी." — गेल्या वर्षी रेवाची अकरावी होती!

वर शहाणपण — आईंच्या खोलीत कॅमेरा लाव म्हणे. "मला इथून आई दिसेल, लक्ष राहील." लक्ष कुणावर, ते कळलं मला. नवऱ्याला, सत्यजीतला, मस्कतला फोन केला. "तुम्ही दोघी ठरवा ना." अकरा वर्षं हा माणूस तिकडून एवढं एकच वाक्य पाठवतोय.

लावू कॅमेरा. पण कुठला, ते मी ठरवणार.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

जुन्या पनवेलला मितेशच्या दुकानात जाऊन आले. "काकू, गरज काय आणि बजेट काय, तेवढं सांगा. त्याप्रमाणे दाखवतो." आणि सुरू झाला. हा गोल फिरतो, हा अंधारात बघतो, आणि हा तर बोलतोसुद्धा! "पुण्याहून ताई बोलतील, इथून आजी बोलतील. अगदी समोरासमोर बसल्यासारखं."

म्हटलं, न बोलणारा दाखव.

त्याला वाटलं, कंजूष बाई. "थोडेसेच जास्त पडतील काकू, पण—" पण नाही नि बिण नाही. फिरणारा नको, ऐकणारा नको. शेवटी काउंटरच्या खालून धूळ बसलेला एक खोका काढला. "हा कुणी नेत नाही हो. नुसतं चित्र. आवाज नाहीच." म्हटलं, बांध.

माझी गरज मला माहीत. आई दिवसभर लेकीला माझी गाऱ्हाणी सांगणार आणि त्याची सोय मी करून देऊ? आभाला कळवलं, बजेटमध्ये हाच बसला. तिने अंगठा पाठवला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कपाटावर बसवला. पलंग, खुर्ची, दार — सगळं येतं. ॲप माझ्या फोनवर आणि आभाच्या फोनवर.

आईंना सांगितलं, आता आभा तुम्हाला दिवसभर बघणार. एक्याऐंशीची म्हातारी, वॉकर धरून चार पावलं टाकते — पण चेहरा काय उजळला! चांगली साडी मागितली. केस नीट करून घेतले. मग मान वर करून कॅमेऱ्याला म्हणाल्या, "आभा, जेवलीस का गं?"

आणि थांबल्या. उत्तराची वाट बघत!

"बोलत का नाही ही?"

म्हटलं, "कामात आहे. तिला सगळं ऐकू येतं, फक्त उत्तर देता येत नाही."

का म्हणाले, ठाऊक नाही. खोटं. ठाऊक आहे. मजा वाटली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून चार वेळा. रेवाचा अभ्यास, पुण्याची थंडी, गुडघा. बोला, बोला.

२४ नोव्हेंबर, रविवार

एक शोध लागला. कॅमेऱ्याला हसू दिसतं, शब्द नाही.

दुपारी वरणभात भरवत होते. छान हसून म्हणाले, "गिळा लवकर. तुमच्यापायी माझा जन्म गेला, आता तुम्ही कधी जाताय?" आईंच्या डोळ्यांत पाणी. तेही पदराने पुसलं, अगदी हळुवार. पाच मिनिटांत आभाचा मेसेज — "वहिनी, किती मायेने करतेस गं!"

वाईट आहे मी. असू दे. माझं बाळ गेलं, तेरा दिवसांचं. त्या दिवशी याच आईंनी मला म्हटलं होतं, "पुरे आता रडणं. लोक आलेत, चहा टाक." मी टाकला होता. साखरही घातली होती.

२ डिसेंबर, सोमवार

"आईची साडी कालचीच आहे का?" "अभ्रा बदल ना." "काल दुपारी आई दोन तास एकटीच होती." पुण्यात बसून मुकादमगिरी! पंखा जोरात आहे, हेसुद्धा तिथून दिसतं हिला. इथे यायला मात्र रस्ता दिसत नाही.

आज औषध घेऊन आत जात होते, तर आई कॅमेऱ्याशी बोलत होत्या. "चार दिवस ये गं आभा. अरुंधतीलाही जरा विसावा होईल. थकते ती." मी दारातच थांबले. वाटलं, जाऊन जवळ बसावं. मग मनात आलं, मी दारात आहे हे दिसलं असेल म्हातारीला, म्हणून हा गोडवा. औषध ठेवलं आणि आले.

आईंना सांगून टाकावं का, आभाला यातलं काही ऐकू जात नाही म्हणून? उद्या बघू.

९ डिसेंबर, सोमवार

रविवारी उलव्याला निनादचा साखरपुडा. माझा एकुलता एक भाचा! आभाला म्हटलं, एक दिवस ये. फक्त एक.

"अगं, कॅमेरा आहे ना! तू निर्धास्त जा. मी फोन समोर ठेवूनच बसते. काही वाटलं तर किशोरीताईंना फोन करते." समोरच्या किशोरीताईंकडे आमची किल्ली असते. त्यांचा नंबर आम्हा दोघींकडेही आहे. येते म्हणून उलव्याला कळवून टाकलं.

१५ डिसेंबर, रविवार सकाळ

निघतेय. आईंचं ताट पलंगाशेजारी झाकून ठेवलंय. एकट्याने उठू नका म्हणून दोनदा बजावलं. आभाचा मेसेज — "बघतेय मी."

हिरवी पैठणी नेसलेय. किती महिन्यांनी आरशात बघितलं स्वतःला!

१७ डिसेंबर, मंगळवार

आई गेल्या.

रविवारी अडीचला परत आले तर पलंगाजवळ खाली पडलेल्या. वॉकर आडवा. डोकं कडेवर आपटलेलं, फरशीवर रक्त. किशोरीताईंनी आणि मी मिळून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन तास आधी आणायला हवं होतं. संध्याकाळी संपलं.

आभा काल आली. आता रस्ता सापडला. दारातच माझ्या गळ्यात पडली. "नेमकं त्याच वेळी माझं नेट गेलं गं, वहिनी! दोन तास नव्हतंच!" मी म्हटलं, माझा फोन पर्समध्ये राहिला, हॉलमध्ये इतका गोंगाट होता. दोघीही खूप रडलो. सत्यजीत विमानतळावरून थेट स्मशानातच पोचला.

किशोरीताई सारखं तेच बोलत होत्या. "मी घरीच होते गं. एक फोन आला असता तर हातातलं टाकून धावले असते." आम्ही दोघी खाली बघत बसलो.

१९ डिसेंबर, गुरुवार

फोन पर्समध्ये नव्हता. हातात होता. बारा वीसला ॲप उघडलं, तर आई खाली पडलेल्या, एक हात वर करत होत्या. म्हटलं, आभा बघतेय, ती करील फोन. जबाबदारी तिची आहे आज. कळू दे तिला. दर पाच मिनिटांनी बघत राहिले.

स्क्रीनच्या कोपऱ्यात डोळ्याचं चित्र असतं. किती फोनवर बघणं चालू आहे, तो आकडा त्यापुढे येतो. दोन होता. एक वाजून पाच मिनिटांनी आईंचा हात थांबला, तेव्हाही दोन होता.

आभालाही दोनच दिसला असणार.