अंदमानात न एकच

अप्पा, आज सकाळी तुमची नात मोबाईलवर शब्दकोडं सोडवत बसली होती. एका शब्दावर अडली, तशी मी चपात्या लाटता लाटता पटकन सांगून टाकला. "आई, तुला कसं गं जमतं हे?" म्हणाली. मी म्हटलं, "जमतं आपलं." तुमचं नाव काही तोंडातून निघालं नाही. लाज वाटली नंतर, पण तव्यावरची चपाती उलटली आणि पुढची लाटायला घेतली.

सगळा गाव फौजेत आणि तुम्ही एकटे नौदलात, तेही जहाजावरचे आचारी. पेन्शनीत निघून कडेगावकडं उसात परत आलात, तर पारावरची माणसं हाक मारायची, "आवं दर्यासारंग, पाटात होडी सोडा की!" तुम्ही हसण्यावारी न्यायचात. पण रेडिओवर मच्छीमारांसाठी हवामानाचा इशारा लागला की घरात कुणाची ब्र काढायची टाप नव्हती. मी चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्यात रेडिओ कानाशी धरून बसलाय, आणि लक्षद्वीप, मन्नार असं समुद्राच्या एखाद्या भागाचं नाव आलं रे आलं की तुम्ही ओरडताय, "अंदमान! फोड." त्या नावातल्या अक्षरांचे शब्द करायचे. काना-मात्रा आपल्या मर्जीच्या, पण अक्षर एकदाच वापरायचं. मान, दान, नाद, मंद. तुम्ही मूठ पुढं धरायचात आणि शब्दागणिक एकेक बोट उघडायचात. एकदा मी "नमन" म्हटलं, तर भाकरी करपेस्तोवर भांडलात. "अंदमानात न एकच हाय. दुसरा कुठनं आणलास? लबाडी न्हाई चालायची." मी रडले. करपलेली भाकरी तुम्हीच खाल्लीत, वर म्हणालात, "लय खमंग झालीया."

पुढं अर्धांगाचा झटका आला आणि मी तुम्हाला सांगलीला माझ्याकडं आणलं. वाचा गेलेली. पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता येईना. आणि एका दुपारी मी चादर बदलत असताना तुम्ही स्वच्छ म्हणालात, "लक्षद्वीप." मी थांबले. तुम्ही पुन्हा म्हणालात आणि धड राहिलेल्या हाताची मूठ माझ्यापुढं धरलीत. फोनवर दादा होता. "काय म्हणत्यात गं?" "काय न्हाई रं, बडबड आपली. अप्पा, गोळी घ्या बघू." दुसऱ्या दिवशी "मन्नार". मग पुन्हा "लक्षद्वीप". "गप पडा वो आता, जीव नका खाऊ," असं बोलले मी तुम्हाला. मूठ येत राहिली, आणि मग यायची बंद झाली.

तुम्ही गेल्यावर जो तो म्हणाला, पोरीनं बापाचं लय केलं. केलंच की. हगणं-मुतणं काढलं, कधी नाक मुरडलं नाही. दादाला, पाहुण्यारावळ्यांना सांगत आले की शेवटी अप्पांना भ्रम झाला होता. पण तुमच्याशी खेळायला बसले असते, तर तुम्हाला सगळं कळतंय हे कबूल करावं लागलं असतं. सगळं कळणाऱ्या बापाचं धोतर बदलायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं, एवढी छाती माझ्यात नव्हती अप्पा. तुम्हाला भ्रमिष्ट ठरवलं, मग माझे हात भराभर चालायला लागले.

हे दादाला लिहायला बसले होते. त्याचं नाव लिहिलं आणि खोडलं, कारण तो विचारील. तुम्ही विचारायला येणार नाही. ती बडबड नव्हती, मला पहिल्याच दुपारी कळलं होतं.