थंड सांध्याचा माठ

तात्या,

आज नवा माठ भरून तिवईवर ठेवला आणि तुमची आठवण झाली. माठ पाहून कुणाला माहेर आठवत असेल, मला मात्र बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या मिलचं बॉयलरघर आठवतं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, मी स्वतः सत्तरीला टेकले, पोरांना इंग्रजी शिकवता शिकवता निवृत्तही झाले. तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली आहे.

साहेबाचं राज्य होतं तेव्हा. तुम्ही बॉयलरवरचे मिस्त्री, आणि तुमची सगळी विद्या डोळ्यांत आणि कानांत. जाळाचा रंग पाहून, नळीचा आवाज ऐकून वाफ किती तापली ते तुम्ही सांगायचात. आई खापरावर मांडा टाकण्याआधी पाण्याचा हबका मारून ताव ओळखायची, तसंच ते. मग एका हिवाळ्यात गोऱ्या इंजिनियरने वाफेच्या नळीत उष्णता मोजणारं थर्मोकपल बसवलं, भिंतीवर घड्याळासारखी तबकडी लावली, एक पुस्तिका तुमच्या हातात ठेवली आणि तो मुंबईला निघून गेला. पुस्तिका इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी एकटी मी, त्यामुळे माझा तोरा काय विचारता!

चुलीपाशी बसलो आहोत. मी वाचते आहे, तुम्ही वहीत मराठीत उतरवून घेता आहात. 'बेटा, याले आपल्या बोलीत नाव पाहिजे. नाव नसलं तं हात कसा लावू?' असं म्हणून तुम्ही वाफेतल्या टोकाला गरम सांधा म्हणालात, आणि तबकडीजवळच्या टोकाला थंड सांधा. दोन निराळ्या धातूंच्या तारा जोडतात, सांधा तापला की तारांत वीज उठते आणि काटा हलतो, हे मी समजावलं, तेव्हा तुम्ही आईकडे पाहिलंत. 'म्हणजे आपल्यासारखंच. दोन घरचे बांधले, अन् एक तापलं की सारं घर हलते.' आईने पिठाचा हात तुमच्या टोपीला पुसला. मग तुम्ही शेवटच्या पानावरच्या बारीक ओळींवर बोट ठेवलंत. 'अन् इथं काय लिहेल आहे?' मला त्या ओळी कळत नव्हत्या. मी म्हटलं, 'ती कंपनीची जाहिरात आहे, तात्या.' तुम्ही वही मिटलीत.

वैशाखात बुऱ्हाणपूर कसं तापतं ते तुम्हाला काय सांगायचं. त्या दुपारी नळीचा आवाज तुम्हाला वेगळा वाटला होता. भट्टीत कोळसा घालणारा तुमचा फायरमन म्हणाला, 'मिस्त्री, भाप जादा गरम है.' तबकडी म्हणत होती, कमी आहे. तुम्ही त्याला सांगितलंत, 'माझ्या पोरीनं वाचेल आहे ते, चुकणार नाही,' आणि कान सोडून काट्याचं ऐकलंत, जाळ वाढवलात. तासाभरात नळीच्या जोडातलं पॅकिंग जळून वाफ सुटली आणि तुमचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. मिल दोन दिवस बंद. मॅनेजरसाहेबापुढे तुम्ही एवढंच म्हणालात, 'गलती मेरी है, साब.' त्यांनी तुम्हाला बॉयलरवरून काढून पाण्याच्या पंपावर बसवलं. पंधरा वर्षांची इभ्रत एका दुपारी गेली. आई तुमच्या हाताला लोणी लावत होती आणि मी दाराआड उभी होते.

पंपावर बसूनही तुम्हाला चैन पडेना. जाऊन जाऊन तबकडी पाहायचात. जाळ तेवढाच असताना सकाळी काटा वर असतो आणि दुपारी खाली येतो, हे तुम्हीच हेरलंत. मग एक दिवस घरातला माठ उचलून नेलात आणि तो थंड सांधा काचेच्या नळीत घालून माठाच्या पाण्यात सोडलात. काटा वर सरकला. तो इंजिनियर परत आला तेव्हा आधी हसला, मग त्याने स्वतः मोजून पाहिलं आणि माठ तिथेच ठेवायला सांगितला. तबकडी सांगते तो दोन सांध्यांच्या उष्णतेतला फरक. थंड सांधाच तापला तर ती कमी दाखवणार. तुम्हाला बॉयलर परत मिळाला, आम्ही मात्र तो उन्हाळा कोमट पाणी प्यायलो.

त्याच आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी जाडजूड इंग्रजी-मराठी कोश आणलात. मला वाटलं, बक्षीस आहे. 'अडलं तं यात पाहून घेजो,' एवढंच म्हणालात, आणि त्या भाजल्या हाताने माझ्या डोक्यावर थापटलंत. तुम्हाला कळलं होतं का हो? की नुसतं प्रेमाने आणलं होतं? मी कधी विचारलं नाही. वर्गात पोरांना मात्र आयुष्यभर बजावत आले, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा.

कोश मिळाला त्या दुपारीच मी ते शेवटचं पान उघडलं आणि एकेक शब्द लावला. 'ऋतू बदलला की काटा पुन्हा जुळवावा, अथवा थंड टोक गार पाण्यात ठेवावे.'

तात्या, ती जाहिरात नव्हती.