आईच्या पायांवरचं बाळ

तंजावूर

प्रिय अखिला,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. नाशकात राहून तू देवनागरी भराभर वाचायला शिकलीस आणि मला अप्पांनी पाटीवर गिरवून घेतलेली अजून येते. आपल्या घरात हे वाचू शकेल असं तिसरं कोणी उरलं नाही. माझ्या लेकाला, शेषाद्रीला, मराठी बोललेली कळते, लिहिलेली म्हणजे दारातली कोलमची रांगोळी वाटते. तेव्हा मोकळेपणानं लिहिते.

आईचं चॅनल गेलं. एखादा व्हिडिओ नाही, सगळंच गेलं. उघडलं की करडा चौकोन येतो आणि खाली एकच वाक्य, नियमांचं उल्लंघन झाल्यामुळे काढून टाकलं आहे. कुठला नियम, कुठला व्हिडिओ, अवाक्षर नाही. मी अपील केलं, तर कॉफीचं डिकॉक्शन उतरायच्या आत उत्तर हजर, नामंजूर. शेषाद्रीकडून चांगल्या इंग्रजीत लिहून घेऊन पुन्हा केलं. तेच वाक्य, तोच स्वल्पविराम. अगं, फाशीच्या कैद्यालासुद्धा कलम सांगतात! आणि माझी रीत तुला ठाऊक आहे, फोन भरला की व्हिडिओ तिथं चढवायचा आणि फोनमधला पुसायचा. तिथं कायम राहणार असं सगळेच म्हणायचे. आईला जाऊन वर्ष होत आलं आणि आता तिचा आवाज माझ्याकडे कुठेही नाही. मला वेड लागायची पाळी आली आहे, अखिला.

त्यांना काय खुपलं असेल याचा विचार करून मी थकले. फोडणी करपली की ती 'जळो मेलं' म्हणायची, ती शिवी वाटली? की पापनाशमच्या मावशीची नक्कल करायची, ते? एकेक व्हिडिओ मनात लावून बघते, पण आवाज नीट लागत नाही. ती बोलते आणि मला माझाच आवाज ऐकू येतो. मग शेवटी मन तुझ्या लेकीच्या, कीर्तनाच्या बाळापाशी येऊन थांबतं.

आई पाटावर बसायची, साडी गुडघ्यापर्यंत घ्यायची, पाय लांब करायची आणि बाळाला पायांवर पालथं घालायची. आधी तेल, मग कढत पाणी, मग सांब्राणीची धुरी. तिरुवैयारूहूनसुद्धा लोक बाळं घेऊन यायचे. घर तमिळ असो की आपलं, न्हाऊ घालताना आई मराठीच बोलायची. "डोळे झाक रे तान्ह्या, पाणी येतें." आणि ती तमिळ बाळं झाकायचीसुद्धा! कीर्तनाचं बाळ तिनं न्हाऊ घातलेलं शेवटचं. गेल्या महिन्यात आठवण म्हणून मी ते चढवलं आणि तू फोनवर कडाडलीस, माझ्या उघड्या नातवाला जगापुढे काय मांडतेस, आधी काढ. मी म्हटलं, न्हाताना बाळाला कोण झबलं घालतं? अगदीच नाशिकची झालीस तू. तू फोन आपटलास. त्याच आठवड्यात चॅनल गेलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या व्हिडिओखाली तक्रारीचं एक बटण असतं. ते तू दाबलंस का? रागावू नकोस, आधी पुढचं वाच. शेषाद्री म्हणतो, माणूस लागतच नाही, यंत्रच बघतं आणि यंत्रच पुसतं. तेच मला सोसत नाही. पुसणाऱ्याला ती कोण होती हेच ठाऊक नव्हतं, तर मी कुणाच्या दारात जाऊन भांडू? तू दाबलं असशील तर नातवाच्या मायेनं दाबलं असशील. त्याला कारण आहे, आणि ते कारणही आईच्याच पायांवर न्हालेलं आहे. तुझ्याशी मी कडकडून भांडेन, अबोला धरेन आणि दिवाळीला मीच आधी फोन करेन. म्हणून एवढं कर, अखिला. दाबलं नसलंस, तरी दाबलं असं लिही.

काहीही लिहिलंस तरी तुझीच,
वसूअक्का