एका चुलीवरच्या

आई, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, आणि तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पत्र धाडण्याचा प्रश्नच नाही. मला तरी कुठे येत होतं? करमाळ्याकडची मेंढरं सोडून सोलापुरात गिरणीत सुताच्या कांड्या भरायला आले, ती अंगठाबहाद्दर म्हणूनच. शिकवलं मास्तरणीनं. तू तिला पहिल्यापासून मास्तरीणच म्हणायचीस. मुलींच्या शाळेत शिकवणारी, लहान वयात विधवा झालेली बाई एका गिरणीवालीबरोबर खोली घेऊन राहते, याचं चाळीला भारी नवल. भाडं परवडतं म्हणून राहतो, असं आम्ही सांगायचो. तुलाही तेच सांगितलं. तू "बरं" म्हणालीस, खोलीतल्या एकाच अंथरुणाकडे पाहिलंस आणि बाजरीचं गाठोडं सोडायला बसलीस.

त्या वर्षी संक्रांतीनंतर तू आलीस तेव्हा मास्तरीण भिंत धरून चालत होती. कित्येक महिने तिच्या अंगावरून रक्त जात होतं. मी दवाखान्याचं नाव काढलं की ती चिडायची. "तिथे पहिला प्रश्न नवऱ्याचा, दुसरा मुलांचा. विधवेला असं होतंय म्हटल्यावर लोक काय समजतील, कळतं का तुला? नोकरी जाईल." मला कळत होतं. मास्तरीणच हातची जाणार हेही दिसत होतं, आणि मी नुसतं पाणी तापवून देत होते. तू सगळं ऐकून घेतलंस आणि तिच्यावर खेकसलीस, "साळंसाठी मरतीस व्हय? ऊठ. आन् तू गं, बगत काय बसलीस? टांगा बोलीव."

बायकांच्या त्या दवाखान्यात घरच्या माणसाखेरीज कुणाला खाटेजवळ थांबू देत नसत. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तू कोण हिची?" माझ्या तोंडून निघालं, "शेजारीण." "मग बाहेर थांब." मी वळलेसुद्धा. तू माझं मनगट धरलंस. "शेजारीण न्हाय ओ बाई. एका चुलीवरच्या हायत दोगी. हिला दुसरं कुनी न्हाय. काय सांगायचं ते माज्या लेकीला सांगा." बाईंनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "गर्भाशयात गाठ आहे. काढावी लागेल. तू इथेच राहशील ना?" तुला सगळं माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. तिच्या दुखण्याइतकीच मला तुझी धास्ती होती, आई, आणि तू खाटेशेजारी माझ्यासाठी गोणपाट अंथरत होतीस.

गाठ निघाली. ती घरी आल्यावर तू पुन्हा आलीस, डोक्यावर घोंगडं घेऊन. आपल्यात लेक सासरी निघाली की आईनं स्वतः कातलेल्या लोकरीचं, दोन पट्ट्या जोडलेलं रुंद घोंगडं द्यायचं. बहिणींना दिलं होतंस. "तुजं तेवडं राह्यलं हुतं," म्हणालीस. मास्तरणीनं हात फिरवून पाहिला. "टोचतं की हो."

"टोचू दी की. नव्या संसारात टोचतंयच," तू म्हणालीस, आणि ती टाक्यांवर हात दाबून हसली. किती महिन्यांनी हसली होती. मला रडू आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

आता ती ठीक आहे. केस पिकलेत, चष्मा लागलाय, माझ्या अक्षराला अजून नावं ठेवते. मी कुणाला लिहितेय म्हणून तिनं विचारलं, आईला म्हटल्यावर म्हणाली, "पत्ता काय घालणार?" परवा तिला ताप भरला म्हणून त्याच दवाखान्यात नेलं. बाई नवीन होत्या, तरुण. "आपण कोण यांच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घरची." त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि औषध कसं द्यायचं ते मला सांगू लागल्या. इतकं सोपं होतं. पण तुझ्यासारखा खणखणीत आवाज काही निघाला नाही, आई. चांगलाच कापला.